तुझा उजवा, तिचा डावा

"उजवा पाय वळंल का हो? त्यात लोखंड हाय म्हणं."

हे मी दाराआडून ऐकलं, आत्या. विचारणारी बाई मागच्या गल्लीतली होती आणि ती विधीसाठी आलेल्या स्वामींना विचारत होती. बाहेरच्या खोलीत, तू साड्या विकायचीस त्याच गादीवर, तुला बसवायचं चाललं होतं. आपल्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण अंग आखडायच्या आत ते करावं लागतं, त्याला चार माणसं लागतात आणि त्यातला एकजण नुसता गुडघा धरून थांबलेला असतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. गुडघा धरणारा बसूदादा होता. तुझाच मुलगा, पण तुझ्या पायाला हात लावताना परक्यासारखा घाबरला होता.

स्वामी म्हणाले, "वळंल. घाई करू नका."

आणि वळला. डाव्यापेक्षा उजवाच आधी वळला. बाया कुजबुजल्या, "बघा, कसल्या ऐटीत बसल्यात आक्का." खरंच तू ऐटीत बसली होतीस. कपाळावर भस्म, डाव्या तळहातावर लिंग, पाठ भिंतीला. आता कुणीतरी आत येईल आणि म्हणेल, जरा ती लाल काठाची दाखवा, असं वाटावं इतकी तू तूच होतीस.

मला रडू आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण भावाची लेक असूनही इतकी वर्षं तुझ्याजवळ मीच राहिले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आता तुझ्या मैत्रिणीला, कुसुमबाईंना, कोण सांगणार?

त्या आल्या नव्हत्या. लेकीकडे औरंगाबादला गेल्या होत्या. त्यांना फोनवर फक्त तू गेल्याचं कळवलं होतं. बाकीचं जे कळवायचं होतं, ते तुझ्या जिभेवर राहिलं होतं आणि आता माझ्या.

तू गेल्यापासून मी एका जागी बसू शकत नाही, आत्या. गादीवरची साडी उचलते, घडी घालते, परत उलगडते. स्वयंपाकघरात जाते आणि कशासाठी आले ते विसरते. तुझ्याशी भांडण चालू आहे. तू असताना जसं चालायचं तसंच, फक्त आता तू मध्येच "साकु" म्हणून मला गप्प करत नाहीस. साकु म्हणजे पुरे. उदगीरला येईपर्यंत मला तो शब्द माहीत नव्हता. मी लातूरच्या इंग्लिश शाळेत शिकले, घरात माझे वडील, अण्णा, शुद्ध बोलायला लावायचे, आणि इथे तुझ्या तोंडात एका वाक्यात मराठी, कानडी आणि उर्दू एकत्र नांदायच्या. पहिले काही महिने मी नुसती ऐकत होते.

तू मला तसं ऐकू दिलंस, याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. इथल्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी तुझ्याकडे राहायला आले. शाळेत मुलांसमोर बोलता यायचं, मोठ्या माणसांसमोर जीभ टाळूला चिकटायची. तू एकदाही म्हणाली नाहीस की बोल. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की मला शेजारी बसवायचीस. "तू बोलू नको. नुसती घडी उलगड. बाई साडीकडं बघलालीय का काठाकडं, तेवढं बघ." मी बघायचे. कोण पदराला हात लावतं, कोण आधी किंमत विचारतं, कोणाला आवडली आहे पण सोबतच्या सासूमुळे ती बोलत नाही. बायका गेल्यावर मी तुला सांगायचे आणि तू मांडीवर थाप मारून हसायचीस. "मुकी हाय पण लई डांबरट हाय."

त्या मांडीसाठीच सगळं झालं.

खुबा झिजला तेव्हा तू गादीवर बसू शकत नव्हतीस. हैदराबादच्या डॉक्टरांनी दोन प्रकारचे सांधे समोर ठेवले होते, ते तू मला कितीदा सांगितलंस. एकात गोळा धातूचा आणि वाटीत आतून प्लास्टिक. तो बसवला तर चालायचं, फिरायचं, पण जमिनीवर मांडी घालायची नाही. दुसऱ्यात गोळाही धातूचा, वाटीही धातूची, गोळा मोठा. तो निखळायची भीती कमी, मांडी घातली तरी चालेल. बसूदादा विचार करू म्हणाला. तू म्हणालीस, "इचार कशाचा? खुर्चीवर बसून पूजा करू? खुर्चीवर बसून साड्या दाखवू? मी काय तहसीलदार हाय?"

तेव्हा तो निर्णय चुकीचा नव्हता. डॉक्टरांनाही तेव्हा तोच बरा वाटत होता. हे मी तुला शेवटपर्यंत सांगत राहिले आणि तू शेवटपर्यंत मान हलवत राहिलीस. पटल्यासारखी नाही, गिऱ्हाइकाचा भाव ऐकून घेतल्यासारखी.

कुसुमबाई तुझ्या गिऱ्हाईक म्हणून आल्या आणि मैत्रीण होऊन गेल्या. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या, निवृत्त होऊन मुखेडला त्यांच्या घरी परत गेल्या, तरी महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायच्याच. आल्या की आधी माझी खोड काढायच्या. "काय गं, तुमच्या इंग्लिश शाळेत बोलायची वेगळी फी होती काय? भरली न्हाई वाटतं तुझ्या बापानं." मग तुझ्याकडे वळून, "म्हादेवी, मागच्या साडीचा रंग गेला."

"जाऊच शकत न्हाई. माझ्या हातची साडी हाय."

"गेला म्हणते ना मी."

"मग आंघोळ कमी कर. तसंबी पाणी कुठाय."

असं तुमचं चालायचं. एकदा पेपरात उदगीर जिल्हा होणार अशी बातमी पुन्हा आली आणि तू ती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलीस. त्या म्हणाल्या, "तुमचा जिल्हा व्हायच्या आत आमचं मुखेड राज्य होऊन जाईल." तू त्यांना त्या दिवशी चहा दिला नाहीस. खरंच दिला नाहीस, मीच नंतर दिला.

त्यांचा खुबा गेला तेव्हा त्यांना विहारात वंदनेला खाली बसता येईना. सगळे खाली, आणि एकट्या त्या मागे खुर्चीवर. "शाळेत आयुष्यभर खुर्चीवर बसले, आता तिथं तरी खाली बसू द्या," असं म्हणायच्या. तेव्हा तू इथे, या गादीवर, उठलीस, बसलीस, मांडी घातलीस, मांडी मोडलीस, परत घातलीस. साडीचा पदर उलगडून दाखवावा तसं तू तुझं बसणं त्यांना दाखवलंस. मी तेव्हा नुकतीच राहायला आले होते. मला ते फार आवडलं होतं. त्या हैदराबादला त्याच डॉक्टरांकडे गेल्या आणि तोच सांधा घेऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "तुझा उजवा, माझा डावा. दोघी मिळून एक बाई नवी झाली."

नंतर पाऊस गेला. एक वर्ष गेला, मग पुढच्याही वर्षी गेला. विहिरी आटल्या, बोअर खाली खाली गेले, लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. आपल्या गल्लीत टँकर यायचा आणि ते पाणी पितळी घागरीतून प्यायलं तरी तोंडात काहीतरी राहायचं. सगळेच म्हणायचे, पाण्याला चव आलीय. म्हणून तू म्हणालीस, तेव्हा ते कुणाला वेगळं वाटलं नाही.

"तोंडात खिळा धरल्यावानी लागलालंय," तू म्हणालीस. मी म्हणाले, मलाही लागतं. ते खोटं नव्हतं. मला मचूळ लागायचं, तुला खिळ्यासारखं. तो फरक तेव्हा कुणी मोजत बसलं नाही. पाणी गाळून झालं, उकळून झालं, तुरटी फिरवून झाली. मग तू टँकरवाल्या जलीलभाईला पकडलंस.

"जलील, तुझ्या टाकीला आतून गंज लागलाय."

"खुदा कसम आक्का, टाकी नवी हाय. पाणी बोअरचं हाय, त्याला मी काय करू?"

"उघड टाकी."

आणि तू त्याला खरंच टाकी उघडायला लावलीस. सगळी गल्ली घागरी घेऊन उभी, आणि तू शिडीवर चढायला निघालेली. दोन पायऱ्यांवर तुला दम लागला. आम्हाला वाटलं, ऊन आहे. जलीलभाईनंच तुला धरून खाली उतरवलं आणि स्वतः आत टॉर्च मारून दाखवला. आत चकचकीत होतं. तरी तू त्याच्याशी आठवडाभर बोलली नाहीस.

मग कान. "डाळमिल चालू झाली का गं?" तू विचारायचीस. तूरच पिकली नव्हती, मिल बंद होती. "न्हाई? मग हे काय घुमलालंय?" मी खिडकीशी जाऊन ऐकायचे. काहीच नसायचं. मला वाटायचं, कुठेतरी कुणीतरी बोअर मारत असेल, तुझे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. आणि मग सकाळी पूजेत तळहातावरचं लिंग हलताना मी बघितलं. तू डोळे लावून त्याच्याकडे बघत होतीस आणि तुझा हात थरथरत होता. हाताला पाणी कसं बाधेल, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला.

लातूरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी खुब्याचा फोटो काढला, सोनोग्राफी केली, सांध्याभोवती सूज आणि पाणी दिसतंय म्हणाले, आणि रक्त मुंबईला पाठवलं. त्याचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी आपल्याला पुन्हा बोलावलं. मी इंग्लिश शिकलेली म्हणून घरात कुणाचाही दवाखाना असला की मलाच सोबत पाठवतात. डॉक्टरांना ते कळलं आणि ते माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलू लागले. त्यांना तुझ्याकडे बघायला नको होतं, म्हणून ते बरं वाटलं असावं. ते बोलायचे, मी तुला सांगायचे.

गोळा आणि वाटी, दोन्ही धातूचे. चालताना, बसताना ते एकमेकांवर घासतात. त्याचा चूर पडतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. तो सांध्याभोवतीच्या मांसात साठतो आणि तिथे सूज धरते. शिवाय गोळा ज्या दांड्यावर बसवलेला असतो, त्या जोडावर अंगातलं खारट पाणी धातूला खात राहतं. तो धातू विरघळून रक्तात उतरतो. तुझ्या रक्तात तो असायला हवा त्याच्या कितीतरी पट होता. कधी कधी, फार कमी जणांना, त्यानं कान, हात, हृदय यांना त्रास होतो. तुझा दम, तुझे कान, तोंडाची चव, यामागे तेच असू शकेल.

तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "जात्यावानी."

मी डॉक्टरांना सांगितलं, ती दळायच्या जात्याबद्दल बोलतेय.

"जात्याला टाकी लावली, दगड टोचून नवं करून घेतलं, की पहिलं दळण खात न्हाईत," तू त्यांना सरळ मराठीत सांगितलंस. "त्यात दगडाची कचकच येतीय. फेकून देतेत. ह्याचं पहिलं दळण मीच खाल्लं म्हणा की."

डॉक्टर मराठवाड्यातलेच असावेत. ते हसले नाहीत. मान खाली घालून "हो आक्का" म्हणाले. मग त्यांनी उपाय सांगितला. तो सांधा काढायचा, दुसऱ्या जातीचा बसवायचा. तुझा प्रश्न एकच होता.

"मांडी?"

"नाही घालता येणार आता. खुर्ची वापरायची."

तू पिशवी उचललीस. उठता उठता डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, या वेळी तुलाच, मराठीत. "तुमच्या ओळखीत अजून कुणाला असला सांधा बसवलाय का? त्रास असो नसो, त्यांनी एकदा तपासून घ्यायला हवं."

माझं तोंड उघडलं होतं, आत्या. तू माझं मनगट धरलंस. "न्हाई," तू म्हणालीस. "कुणी न्हाई."

बस निघाल्यावर मी जितकं बोलले तितकं आयुष्यात एका वेळी बोलले नसेन. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघत होता. तू खिडकीबाहेर बघत होतीस. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती भेगाळलेली रानं होती.

"तिला काय बी झालेलं न्हाई," तू म्हणालीस. "डॉक्टर म्हणला न्हाई का, समद्यांना होत न्हाई म्हणून? उगं तिचा जीव टांगणीला. एकटी राहते. रातभर खुब्याला कान लावून बसंल."

"म्हणून तर तपासायचं. आजार लवकर कळला तर सांधा बदलता येतो. त्यांचा जीव वाचेल."

"मी सांगीन. मी दाखवलं तिला बसून, मीच सांगीन. तू मधी पडू नको." आणि मग तू गळ्यातलं लिंग मुठीत धरून मला आण घातलीस. माझ्या आधी तिला सांगशील तर.

मी कुणाच्या आणाभाका मानत नाही. तुझी मानली. का मानली ते मला अजून सांगता येत नाही. आपल्यातल्या माणसाला लिंगाची आण म्हणजे काय, हे इंग्लिश शाळेत शिकलं तरी अंगातून जात नसेल. किंवा एवढंच असेल की तू माझ्यावर कधीच काही लादलं नव्हतंस आणि पहिल्यांदा काही मागत होतीस.

घरी आल्यावर तू दुसऱ्या दिवशी जलीलभाईला थांबवलंस. "जलील, तुझ्या टाकीत गंज नव्हता रं. माझी चूक झाली."

"मग कुठं होता आक्का?"

"होता एका जागी." आणि त्याला चहा पाजलास, त्याच्या बायकोसाठी हिरवी इरकल साडी बांधून दिलीस.

जलीलभाईला सांगितलंस. कुसुमबाईंना नाही. यावर मी तुझ्याशी किती भांडले. तू प्रत्येक वेळी नवी तारीख काढायचीस. पाऊस पडू दे. बसूच्या पोरीचं लग्न होऊ दे. तुझं ऑपरेशन कधी, असं विचारलं की उदगीर जिल्हा होऊ दे, मग हितं मोठा दवाखाना येईल, हितंच करू. मी म्हणाले, जिल्ह्याच्या बातम्या मी लहान असल्यापासून येतात. तू म्हणालीस, "म्हणून काय होणार न्हाई असं हाय का?" मला राग यायचा आणि हसूही यायचं, आणि हसू आलं की मी हरायचे.

शिवरात्रीला कुसुमबाई आल्या. तुझ्या उपवासाची भगर त्याच खायच्या, दरवर्षी. तू त्यांना समोर बसवलंस, दोघी मांडी घालून, गुडघ्याला गुडघा. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तू मला डोळ्यांनी खूण केलीस, आता सांगते. तू पदर नीट केलास. घसा खाकरलास.

"कुसुम."

"काय?"

तू त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "चहा घेतीस?"

"उपासाच्या दिवशी इतकं गंभीर होऊन चहा विचारून राहिली का? साखर संपली की काय?" आणि दोघी हसलात. तू जरा जास्तच हसलीस. मी आत येऊन आधण ठेवलं आणि ते उकळून अर्धं होईपर्यंत बघत राहिले.

त्या गेल्यावर तू मला जे म्हणालीस, ते माझ्या मनातून जात नाही. "पोरी, आजवर मी एका बाईला रंग जाणारी साडी दिली न्हाई. ठेवलीच न्हाई दुकानात. आणि तिला हे दिलं."

तुला तेव्हा मी जवळ घ्यायला हवं होतं का? मला तसं करता येत नाही, तुला माहीत आहे. मी म्हणाले, तू दिलं नाहीस, डॉक्टरांनी दिलं. तू म्हणालीस, साकु.

तेव्हापासून एक प्रश्न मला छळतो आणि तो मी तुला कधी विचारला नाही. तू सगळ्या घरात मला एकटीला खरं सांगायचीस, ते माझ्यावर जीव होता म्हणून, की मी बोलणार नाही याची तुला खात्री होती म्हणून? बसूदादाला तू रक्ताचा आकडा कळू दिला नाहीस. 'थोडी सूज हाय' एवढंच. मला सगळं माहीत. मी तुझी तिजोरी होते का, आत्या? की लेक? दोन्ही असेन, असं मी स्वतःला सांगते. सकाळी पटतं, दुपारी पटत नाही.

त्या सकाळी तू पूजा मांडी घालूनच केलीस. नंतर भिंतीला टेकलीस, म्हणालीस, छाती भरून आलीय, आणि बसूदादा गाडी आणेपर्यंतही थांबली नाहीस. डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, हृदय कमजोर झालं होतं, वयही होतं. धातूनं झालं का? असू शकेल. नक्की सांगता येत नाही. मला नक्की सांगणारं कुणीतरी हवं होतं. तसं कुणी नाही.

घरात मात्र सगळ्यांना नक्की माहीत होतं. "पाणी बाधलं हो," बसूदादा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. आणि प्रत्येकजण मान हलवत होता, कारण प्रत्येकाच्या घरात तेच पाणी होतं. मुखेडचे पाहुणे म्हणाले, आमच्याकडेही असंच. लोहा गावचे म्हणाले, आमच्याकडे तर याहून वाईट. बघता बघता तुझं जाणं साऱ्या दुष्काळाचं होऊन गेलं. मी कोपऱ्यात बसून ते ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी तुझ्या समाधीवर दूध घालून आम्ही परत आलो तेव्हा कुसुमबाई दारात उभ्या होत्या. औरंगाबादहून थेट आल्या होत्या, हातात अजून प्रवासाची पिशवी. उंबरा ओलांडताना त्यांनी चौकट धरली. कुणीतरी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली. "खुर्ची कशाला? म्हादेवीच्या घरात मी खुर्चीवर बसले कधी?"

त्या गादीसमोर खाली बसल्या. मांडी घातली. डावा पाय आत घेताना त्यांनी ओठ आवळले आणि हात जांघेवर दाबून धरला. खोलीत पंधरा-वीस माणसं होती. कुणी ते पाहिलं नाही. लोकांना बघायला तूच मला शिकवलंस.

त्या रिकाम्या गादीशी बोलत होत्या. "न सांगता गेलीस होय गं? इतकी काय घाई होती? जिल्हा तर होऊ द्यायचा होता." मग रडल्या. मग बसूदादाला विचारलं, काय झालं होतं नेमकं.

"पाणी बाधलं, बाई."

"पाणीच असंल," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्याकडं बी तसंच हाय. मला बी हल्ली जिना चढताना पायात कळ येऊन राहिली. अंगात त्राण राहिलं न्हाई या पाण्यानं."

बसूदादानं मान हलवली. सगळ्यांनी मान हलवली.

मी उठले. तुझी आण मला आठवत होती, अगदी तुझ्या मुठीसकट. तुला वेळ मी दिला होता, आत्या. शिवरात्रीपर्यंत, मग पाडव्यापर्यंत, मग तू जाशील तोपर्यंत. आता वेळ त्यांचा चालला होता. मी माणसांमधून वाट काढत गेले, त्यांच्यासमोर खाली बसले, आणि त्यांचा हात धरला. हात कुणाचा मी असा कधी धरला नव्हता. त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. बसूदादा म्हणाला, "काय गं, काय झालं?" माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि खोलीतली कुजबुज थांबली.

"बाई, आत्याचं नुसतं पाण्यानं झालं नव्हतं. त्या सांध्याचा धातू झिजून तिच्या रक्तात उतरला होता. तिला तुम्हाला सांगायचं होतं, शिवरात्रीलाच सांगायचं होतं, तिला जमलं नाही. तुमच्यात तोच सांधा आहे. तुम्हाला कदाचित काहीच झालेलं नसेल. पण उद्या पहिल्या बसनं आपण लातूरला जायचं आणि रक्त द्यायचं. मी येते तुमच्यासोबत."